एएमएच 0.8, आणि नवऱ्याचा रिपोर्ट कुठे आहे?

काकू, माझं वय 33. मानेवाड्याला राहते, बँकेत नोकरी करते. लग्नाला चार वर्षं झाली, अडीच वर्षांपासून मुलासाठी प्रयत्न चालू आहेत. पाळी 26-27 दिवसांनी नियमित येते, पण पहिले दोन दिवस पोट इतकं दुखतं की गोळी घेतल्याशिवाय उठवत नाही. 27 व्या वर्षी डाव्या अंडाशयावरची गाठ दुर्बिणीतून काढली होती. मागच्या वर्षी एएमएच केलं, म्हणजे बीजांच्या शिल्लकेचा अंदाज देणारी रक्ततपासणी, ते 0.8 आलं, कमी. जावेनं सांगितलेली पावडर तीन महिने घेतली आणि दुसऱ्या लॅबमध्ये केलं तर 5.9! घरात सगळे खूश. महिन्याभरानं पहिल्याच लॅबमध्ये पुन्हा केलं, तर 0.7. एका डॉक्टरांनी लगेच आयव्हीएफ करा म्हटलं, दुसऱ्यांनी सरळ डोनर एग, म्हणजे दुसऱ्या बाईचं बीज, सुचवलं, तिसऱ्या ठिकाणी ओव्हरी पुन्हा तरुण करायचं पीआरपीचं पॅकेज सांगितलं. सासूबाई शेजारच्या काकूंना सांगत होत्या, "हिचे अंडेच संपले म्हणते डॉक्टर, आता काय करून राहिले कोणास ठाऊक." कॉलेजात पाळीसाठी सात-आठ महिने गोळ्या घेतल्या होत्या, त्यानं झालं का हे? मिस्टरांना काही त्रास नाही, ते हिंगण्याला एमआयडीसीत भट्टीवर सुपरवायझर आहेत. मी काय करू?
म., नागपूर

प्रिय म.,

तुझं पत्र तीनदा वाचलं. तीन एएमएच, एक गाठ, एक पावडर, तीन डॉक्टर आणि एक शेजारीण, सगळ्यांना त्यात जागा मिळाली आहे. नवऱ्याच्या वाट्याला मात्र एकच वाक्य: काही त्रास नाही. त्याचं वीर्य तपासलं का, कधी तपासलं, काय आलं, याबद्दल अवाक्षर नाही. अडीच वर्षांत तू तीनदा रक्त दिलंस आणि त्यानं एकदाही डबी भरली नाही, असंच मी धरून चालते. चुकत असेन तर कळव. त्याच्याकडे येतेच, पण आधी तो आकडा, कारण तुझी झोप त्यानं उडवली आहे.

नव्यानं वाचणाऱ्यांसाठी सांगते, मी डॉक्टर नाही. इथल्याच एका टेस्ट ट्यूब बेबी सेंटरच्या लॅबमध्ये बावीस वर्षं एम्ब्रियॉलॉजिस्ट होते. पलीकडच्या खोलीत मॅडम सुईनं फॉलिकलमधलं, म्हणजे अंडाशयात बीज धरणाऱ्या पिशवीतलं, पाणी ओढायच्या, छोट्या खिडकीतून कोमट नळी माझ्या हातात यायची, आणि त्या पाण्यात बीज आहे का ते शोधायचं हे माझं काम. औषध लिहून देणं माझ्या अखत्यारीत नाही. रिपोर्ट कसा वाचायचा आणि डॉक्टरांना काय विचारायचं, एवढं सांगू शकते.

तर तो 5.9. रिपोर्ट काढ आणि आकड्याच्या पुढे बारीक अक्षरात काय लिहिलंय ते बघ. माझा अंदाज, तिथे पिकोमोल प्रति लिटर असं असेल. पहिल्या लॅबच्या कागदावर नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर असेल. एका एककाचं दुसरं करायला 7.14 नं गुणायचं किंवा भागायचं. बँकेत बसतेस, भागून बघ: 0.83. म्हणजे पावडरीनं काही चढलं नाही आणि नंतर काही उतरलंही नाही. एकच भाजी एकदा किलोत तोलली, एकदा पावशेरात. 0.7, 0.8 आणि 0.83 यांतला फरक किटचा, लॅबचा, त्या महिन्याचा. पावडर बंद कर, आणि जावेला रागावू नकोस, तिनं चांगल्या मनानंच दिली असणार.

एएमएच म्हणजे अँटी-म्युलेरियन हार्मोन. गंमत म्हणजे त्याचा शोध बायकांमध्ये लागलाच नाही. 1940 च्या दशकात आल्फ्रेड जोस्त नावाचे फ्रेंच शास्त्रज्ञ सशाच्या गर्भांवर काम करत होते. नर गर्भात गर्भाशयाच्या नळ्यांचा मूळ धागा विरून का जातो, हा त्यांचा प्रश्न. वृषणातून टेस्टोस्टेरॉनशिवाय आणखी काहीतरी सुटतं आणि ते हा धागा विरवतं, असं त्यांनी दाखवलं. ते काहीतरी म्हणजेच हे हार्मोन. बाईच्या अंडाशयात वाढीला लागलेल्या लहान फॉलिकलांच्या पेशीही ते बनवतात, हे कळायला पुढे बराच काळ गेला.

वाढीला लागलेल्या, हे लक्षात ठेव. खरी शिल्लक असते ती झोपलेल्या बीजांची, आणि ती एएमएच बनवत नाहीत. टेकडीच्या गणपतीला गेल्यावर बाहेरच्या चपला पाहून आत किती गर्दी असेल ते आपण ताडतो ना, तेवढाच हा अंदाज. आत कोण आहे, कसं आहे, हे चपलांवरून कळत नाही.

कसं आहे, ते मुख्यतः वयावर ठरतं. तू आईच्या पोटात होतीस तेव्हाच तुझी सगळी बीजं तयार झाली. विसाव्या आठवड्याच्या सुमाराला ती 60-70 लाख असतात, जन्मताना 10-20 लाख उरतात, वयात येताना 3-4 लाख. त्यातली पिकून बाहेर पडतात ती आयुष्यभरात 400-500. बाकीची आपली आपण विरतात: गोळ्या चालू असोत, बाळंतपण असो, उपास असो, काही असो. कॉलेजातल्या गोळ्यांचा प्रश्न इथंच मिटला. गोळी चालू असताना एएमएच जरा खाली दिसतं, बंद केली की काही महिन्यांत वर येतं. इतक्या वर्षांपूर्वीच्या सात-आठ महिन्यांच्या गोळ्यांनी आज काही संपलेलं नाही.

ही बीजं विभाजन अर्धवट सोडून थांबलेली असतात. तुझी 33 वर्षं तशीच थांबून आहेत. गुणसूत्रांच्या जोड्या धरून ठेवणारी प्रथिनं या काळात झिजत जातात, आणि शेवटी वाटणी करायची वेळ येते तेव्हा चूक होते. तुझ्या वयाच्या बायकांच्या गर्भांची तपासणी केली तर साधारण तिसऱ्या हिश्शात गुणसूत्रांचा घोळ सापडतो, 42 व्या वर्षी चारातल्या तिघांत. म्हणून तुझा 0.8 आणि 42 वर्षांच्या बाईचा 0.8 एकाच पारड्यात घालू नये. डॉक्टरांनाही हे ठाऊक आहे. 2016 मध्ये पोसायडन नावाच्या तज्ज्ञांच्या गटानं कमी शिल्लक असलेल्या बायकांची वर्गवारी केली, तेव्हा 35 च्या आतल्या आणि पुढच्या असे वेगळे गट मुद्दाम पाडले.

आता एक अभ्यास सांगते, पण पूर्ण वाच, अर्ध्यावर आनंदून जाऊ नकोस. अमेरिकेत 30 ते 44 वयाच्या 750 बायकांवरचं काम 2017 मध्ये प्रसिद्ध झालं. या सगळ्या नुकत्याच प्रयत्नाला लागलेल्या होत्या. ज्यांचं एएमएच 0.7 च्या खाली होतं, त्यांना दिवस राहण्याची शक्यता बाकीच्यांपेक्षा कमी आढळली नाही. बरोबरच आहे, घरच्या घरी गर्भ राहायला महिन्याला एकच बीज लागतं, आणि तुझी पाळी नियमित आहे म्हणजे ते बहुधा पिकतंही आहे. पण त्या बायकांना आधी मूल न होण्याचा त्रास नव्हता. तू अडीच वर्षं वाट पाहिली आहेस. म्हणून 'आकडा काही सांगत नाही, आणखी दोन वर्षं घरीच बघू' असा अर्थ यातून काढू नकोस. अर्थ एवढाच की अडीच वर्षं गर्भ का राहिला नाही, याचं उत्तर 0.8 मध्ये नाही. ते दुसरीकडे कुठंतरी आहे आणि तिथं अजून कोणी पाहिलेलं नाही.

मला ते दोन ठिकाणी असावं असं वाटतं.

पहिलं ठिकाण तूच लिहून पाठवलंस. गाठ काढली, आणि पाळीत पोट असह्य दुखतं. त्या ऑपरेशनची डिस्चार्ज समरी आणि गाठीचा बायोप्सी रिपोर्ट शोध. लोखंडी कपाटात साडीच्या घडीखाली असेल, आपण सगळ्या तिथंच ठेवतो. त्यात एंडोमेट्रिओमा किंवा चॉकलेट सिस्ट असा शब्द आहे का बघ. एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारखी पेशी बाहेर रुजते, अंडाशयावर रुजली की आत जुनं रक्त साठून तपकिरी गाठ होते. ती सोलून काढताना तिच्या भिंतीला चिकटलेलं निरोगी अंडाशयही थोडं निघतं, आणि एएमएच खाली येतं. सर्जन कितीही हुशार असला तरी हे होतं. तुझ्या 0.8 चं कारण बहुधा तिथं आहे, तुझ्या कुठल्या चुकीत नाही. आणि गाठ पुन्हा झाली आहे असं सोनोग्राफीत निघालं, तर ती लगेच काढून टाका असं कोणी म्हटल्यावर मान हलवू नकोस. युरोपातल्या एश्रे या तज्ज्ञ संस्थेची 2022 ची मार्गदर्शिका सांगते की आयव्हीएफच्या आधी अशी गाठ सरसकट काढल्यानं मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही. आधीच कमी शिल्लक असताना दुसरं ऑपरेशन फार विचार करून करायचं असतं.

याच आजारानं नळ्याही चिकटतात. नळ्या मोकळ्या आहेत का ते बघणारा एक्स-रे, एचएसजी, झाला का, तेही तू लिहिलं नाहीस. आपल्याकडे नळ्या बंद होण्यामागे कधीकधी जुना क्षयरोग असतो, खोकला-ताप काही न येता होऊन गेलेला. घरात कोणाला टीबी झाला असेल तर डॉक्टरांना न लाजता सांग.

दुसरं ठिकाण म्हणजे मिस्टर.

मूल न होणाऱ्या जोडप्यांत तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत ठिकाणी पुरुषाकडचं कारण निघतं, एकटं किंवा बायकोच्या कारणासोबत. 'त्रास नाही' याला इथं काही अर्थ नाही. शुक्राणू कमी असले तर दुखत नाही, खुपत नाही, ताकद कमी होत नाही. वृषण शरीराच्या बाहेर लोंबतात ते उगाच नाही, त्यांना अंगापेक्षा दोन-चार अंशांनी गार राहावं लागतं. तुझा नवरा भट्टीसमोर उभा राहतो, बाहेर नागपूरचा मे. हे सगळं डॉक्टरांच्या कागदावर यायला हवं. आणि खर्रा? तू लिहिलं नाहीस. नागपुरात हे लिहायचं राहूनच जातं, जसं 'आम्ही पाणी पितो' असं कोणी लिहीत नाही. पन्नीत घोटलेली ती सुपारी-तंबाखू दिवसाला किती, ते मोज. तंबाखू चघळणाऱ्या भारतीय पुरुषांच्या अभ्यासात तंबाखू जितकी जास्त, तितकं वीर्य खालावलेलं दिसलं होतं. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिने लागतात, म्हणजे आज खर्रा सुटला तर फरक दिसायला तेवढा वेळ द्यावा लागेल.

तपासणी साधी आहे, तरी लोक काय काय करतात! एक गृहस्थ काटोलकडून आले होते, डबी बर्फाच्या थर्मासात. म्हणाले, "ऊन लागू नये म्हणून." दुसरे भर दुपारी स्कूटरच्या डिक्कीत ठेवून घेऊन आले. पहिल्यांचे शुक्राणू गारठून पडलेले, दुसऱ्यांचे शिजलेले. दोघांनाही मी परत पाठवलं, आणि दुसरे इतके चिडले की पुढचे चार महिने उगवलेच नाहीत. त्या चार महिन्यांत त्यांची बायको मात्र दोनदा येऊन रक्त देऊन गेली. तेव्हा नवऱ्याला सांग: दोन ते सात दिवसांचं अंतर ठेवायचं, शक्यतो लॅबमध्येच नमुना द्यायचा, घरून न्यायचा तर डबी शर्टाच्या आत अंगाशी धरून तासाभरात पोचवायची. पहिला थेंब सांडला असेल तर तसं सांगायचं, लपवायचं नाही, कारण शुक्राणू पहिल्या भागातच जास्त असतात. रिपोर्टमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या 2021 च्या पुस्तिकेतल्या खालच्या मर्यादा दिसतील: मिलिलिटरला 1 कोटी 60 लाख शुक्राणू, हलणारे 42 टक्के. वर्षाच्या आत बाप झालेल्या पुरुषांत सगळ्यात खालच्या पाच टक्क्यांची रेषा तिथं आहे. तिच्या खाली गेला म्हणजे संपलं असं नाही, आणि वर असला म्हणजे निर्धास्त असंही नाही. आकडा कमी आला तर पुन्हा एकदा तपासतात.

तो तयार नसेल तर? बावीस वर्षांत मी ऐकलेलं सगळ्यात उपयोगी वाक्य एका बाईचं होतं, सक्करदऱ्याची होती. नवऱ्याला म्हणाली, "माझ्या पोटात सुई घालायच्या आधी तुमचा कागद पाहिजे." तो दुसऱ्या दिवशी आला.

पीआरपीवर जरा थांबते, कारण या विषयावर सध्या फार पैसा फिरतो आहे. तुझंच रक्त काढायचं, गरगर फिरवून त्यातला प्लेटलेटचा भाग वेगळा करायचा आणि सुईनं अंडाशयात टोचायचा. प्लेटलेटमध्ये जखम भरणारी द्रव्यं असतात, ती अंडाशयाला जागं करतील, ही कल्पना. कल्पना मूर्खपणाची नाही, तिच्यामागे खरं संशोधन आहे. सॉली झुकरमन यांनी 1951 मध्ये मांडलं की जन्मानंतर बाईच्या अंडाशयात नवं बीज तयार होत नाही. पन्नास वर्षं हे वेदवाक्य होतं. 2004 मध्ये जोनाथन टिली यांच्या गटानं उंदरांच्या अंडाशयात नवं बीज बनवणाऱ्या पेशी असाव्यात असा दावा केला, आणि तो वाद अजून मिटलेला नाही. जपानच्या काझुहिरो कावामुरा यांनी 2013 मध्ये अकाली पाळी गेलेल्या 27 बायकांची अंडाशयं काढून, तुकडे करून, औषधात ठेवून पुन्हा बसवली. पाच जणींत बीज मिळालं आणि तो लेख छापेपर्यंत एकीला बाळ झालं होतं. 2016 मध्ये जपानमध्येच कात्सुहिको हायाशी यांनी उंदराच्या शेपटीच्या पेशीपासून ताटलीत बीजं बनवली आणि त्यांतून पिल्लं जन्मली. मी हे वाचते तेव्हा अजून अंगावर काटा येतो. पण उंदराच्या शेपटीपासून रामदासपेठेतल्या पॅकेजपर्यंतचं अंतर फार मोठं आहे.

पीआरपी टोचलेल्या आणि न टोचलेल्या बायकांची चिठ्ठ्या टाकून तुलना केलेले अभ्यास आले, त्यांत हाती आलेल्या पक्व बीजांत वाढ दिसली नाही. एश्रेनं 2023 मध्ये अशा जास्तीच्या उपचारांची छाननी केली, तेव्हा अंडाशयातल्या पीआरपीची शिफारस केली नाही. मग भिंतीवर 'आधी दोन, नंतर पाच' असे फोटो कसे लागतात? अगं, तुझ्यासारख्या बाईत एका महिन्यात सोनोग्राफीला तीन फॉलिकल दिसतात, पुढच्या महिन्यात पाच, काही न करता. तीनच्या महिन्यात सुई टोचली आणि पाचच्या महिन्यात मोजलं की झाला फोटो. त्यांना एवढंच विचार: हा प्रयोग असेल तर एथिक्स कमिटीची मंजुरी दाखवा, आणि प्रयोगाचे पैसे माझ्याकडून का घेता? कोणी स्टेम सेलचं नाव काढलं तर विचारत बसू नकोस, पर्स उचल. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2017 च्या नियमांप्रमाणे या कामासाठी तो मान्य उपचार नाही.

डोनर एगबद्दल थोडक्यात. त्यात लाजण्यासारखं काही नाही, मी त्या टेबलावर कितीतरी बाळांची सुरुवात पाहिली आहे. कायद्यानं ते मूल तुमचंच, डोनरचा त्यावर हक्क नाही. टेस्ट ट्यूबसारख्या उपचारांसाठीचा 2021 चा एआरटी कायदा सांगतो की डोनर 23 ते 35 वयाची असावी, तिनं आयुष्यात एकदाच बीज द्यावं आणि ते नोंदणी झालेल्या बँकेमार्फत यावं. पण 33 व्या वर्षी, नियमित पाळी असताना, स्वतःच्या बीजाचा एकही प्रयत्न न करता, नवऱ्याचा कागदही न पाहता तिथं उडी कशाला? हा दरवाजा तुला चाळिशीनंतरही उघडा आहे, कायद्यातली बाईची मर्यादा 50 आहे.

राहिलं आयव्हीएफ. पहिले डॉक्टर चुकले असं मी म्हणणार नाही. फक्त 'लगेच' म्हणजे या आठवड्यात नाही. दीड-दोन महिने घे: पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आतून सोनोग्राफी करून फॉलिकल मोजायचे, नळ्या बघायच्या, नवऱ्याचा कागद, जुन्या गाठीचा कागद. फॉलिक अ‍ॅसिडची गोळी डॉक्टरांना विचारून आजच सुरू कर. पैशाची ओढाताण असेल तर सुरुवातीला सरकारी मेडिकल कॉलेजच्या स्त्रीरोग ओपीडीत दाखवायला हरकत नाही. हे सगळं हातात आल्यावर ठरवा. पण दीड-दोन महिने म्हणजे तेवढेच, पुढच्या दिवाळीपर्यंत नाही. भारतीय आणि स्पॅनिश बायकांची तुलना करणारा एक अभ्यास 2014 मध्ये आला होता. आयव्हीएफला आलेल्या भारतीय बायकांची अंडाशयं स्पॅनिश बायकांपेक्षा सुमारे सहा वर्षं पुढं गेलेली दिसली. तुझ्याकडे एंडोमेट्रिओसिसची शंका वेगळी. वेळ दवडण्याइतकी उसंत नाही.

आयव्हीएफची इंजेक्शनं घेतली की उरलेली बीजंही संपतात, असं कोणीतरी सांगेलच. तसं होत नाही. दर महिन्याला फॉलिकलांची एक तुकडी वाढीला लागते, त्यातलं एक पुढं जातं, बाकीची त्याच महिन्यात मरतात. इंजेक्शन त्या मरणाऱ्यांना वाचवतं, पुढच्या महिन्याच्या तुकडीला हात लावत नाही. तुझी तुकडी लहान, म्हणून बीजं कमी मिळतील, तीन, चार, पाच. डोस वाढवून ती दहा होत नाहीत. दिवसाला 300 युनिटच्या वर जाण्यात फायदा नाही असं एश्रेचं मत आहे, त्यामुळे कोणी 450 लिहिलं तर का, ते विचार. फरक बिलात पडतो.

कमी बीजांची भीती मला बसत नाही, कारण मी ती पाहिली आहेत. नळीतलं पिवळं, कधी लालसर पाणी ताटलीत ओतायचं आणि सूक्ष्मदर्शकाखाली सरकवत न्यायचं. भिजलेलं सब्जाचं बी आठव, मध्ये ठिपका आणि भोवती पारदर्शक चिकट वलय. अगदी तसं दिसतं. बीज स्वतः मिलिमीटरचा दहावा भाग. एकीची मी एकोणीस मोजली होती, सगळ्यांनी टाळ्या पिटल्या, हाती काही लागलं नाही. एकीची दोनच होती, एक कच्चं निघालं. दुसऱ्यातून मुलगा झाला, आता दहावीत आहे. तुझंही असंच होईल असं वचन मी देत नाही, तीन बीजांच्या चक्रात शेवटी गर्भ न मिळणं हेही मी पुष्कळदा पाहिलं, आणि त्या दिवशी फोन करायची पाळी माझी असायची. एक चक्र वाया जाऊ शकतं, हे धरूनच पैशाचा हिशेब करा. पण जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राऊन, 25 जुलै 1978, इंजेक्शनाशिवाय आपोआप पिकलेल्या एकाच बीजातून जन्मलं होतं. त्याच वर्षी 3 ऑक्टोबरला कोलकात्यात डॉ. सुभाष मुखर्जींच्या प्रयत्नातून भारतातली पहिली टेस्ट ट्यूब मुलगी, दुर्गा, जन्मली. त्यांनी इंजेक्शनं देऊन जास्त बीजं घेतली होती आणि गर्भ गोठवून नंतर ठेवला होता, आज जे सगळीकडे चालतं ते. सरकारी समितीनं त्यांना खोटं ठरवलं, 1981 मध्ये त्यांनी जीव दिला. हा विषय निघाला की मला त्यांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही.

सासूबाईंबद्दल. त्यांना हा कागद वाचून दाखव, निदान हा परिच्छेद. तुला जी इंजेक्शनं लागतील त्यांतला एक जुना प्रकार पाळी गेलेल्या बायकांच्या लघवीतून काढतात, कारण त्या वयात ओव्हरीला हाका मारणारं हार्मोन शरीरात भरपूर असतं. सुरुवातीला ही लघवी इटलीतल्या मठांमधल्या वृद्ध नन्सकडून गोळा करायचे, आणि त्या औषधानं पहिलं बाळ 1962 मध्ये इस्रायलमध्ये जन्मलं. म्हणजे सासवांच्या वयाच्या बायकांनी सुनांच्या बीजांना हातभार लावायची पद्धत जुनी आहे. शेजारी काय सांगायचं हे त्यांनी ठरवावं, पण 'अंडे संपले' हे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही. आणि मुलाचा कागद आल्याशिवाय सुनेचा वाचायचा नाही, एवढं माझ्या वतीनं सांग.

बायोप्सीच्या रिपोर्टमधली शेवटची ओळ आणि नवऱ्याच्या तपासणीचे आकडे मला लिहून पाठव, फोटो नको, मला दिसत नाहीत. आणि नमुना दिल्यावर डबीवर वेळ लिहायला सांग त्याला. निम्मे लोक विसरतात.

तुझी काकू